लवचीक वेळेची सोय नियमात आहे, मग ती घेताना संकोच का वाटतो?

अबोली_पुणे (धागा सुरू करणारी सदस्य)

आमच्या कंपनीत सकाळी साडेसात ते साडेदहा या दरम्यान केव्हाही यावे आणि साडेआठ तास भरून निघावे, अशी सोय नियमावलीत अनेक वर्षांपासून आहे. माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी ती घेतली. साडेसातला प्रवेशद्वारावर कार्ड लावायचे, चारला निघायचे आणि साडेचारला तिच्या बसथांब्यावर उभे राहायचे, हा क्रम पाच वर्षे चालला. या पाच वर्षांत माझे तास एकाही महिन्यात कमी भरले नाहीत.

तरीही रोज दुपारी तीनच्या सुमारास मी डब्याची पिशवी घेऊन खाली पार्किंगमध्ये जात असे, ती दुचाकीच्या डिकीत ठेवत असे आणि पुन्हा वर येऊन जागेवर बसत असे. चार वाजता हातात पिशवी घेऊन सगळ्या टीमच्या देखत लिफ्टपर्यंत चालत जाणे मला जमत नव्हते. रिकाम्या हाताने निघाले की ही चहाला चालली आहे असे पाहणाऱ्याला वाटेल, एवढाच त्यामागचा हेतू असे. मला कोणी कधी रागावले नव्हते. "काय, आज हाफ डे का?" एवढेच कोणीतरी हसून विचारी, आणि विचारणारा स्वतः साडेदहाला आलेला असे. सकाळी साडेसातला मी एकटीच मजल्यावरचे दिवे लावत होते हे पाहायला तिथे कोणीच नसे. चारला निघताना मात्र सगळे असत.

हा धागा त्या पिशवीमुळे सुरू करत आहे. नियमाने जे दिले आहे ते चोरून घ्यावे असे माणसाला का वाटते, याचे उत्तर नियमावलीत सापडत नाही. ते कार्यालयाच्या रीतिरिवाजांत शोधावे लागते.

या विषयावर सिंथिया थॉम्पसन, लॉरा बोव्हे आणि कॅरेन लायनेस या तीन अभ्यासकांचे १९९९ सालचे संशोधन मला फार उपयोगी वाटले. नोकरी आणि घर यांच्याविषयीच्या कार्यालयीन संस्कृतीचे त्यांनी तीन घटक मानले आहेत. वरिष्ठांचा पाठिंबा किती मिळतो, सोय घेतली तर बढतीवर परिणाम होईल अशी भीती किती वाटते, आणि कामाने आपला किती वेळ खावा याविषयीची न बोललेली अपेक्षा काय आहे, हे ते घटक होत. सोयी भरपूर असल्या तरी जिथे ही संस्कृती पोषक आहे, तिथेच कर्मचारी त्या जास्त वापरतात, असे त्यांना आढळले. हे तीन प्रश्न मी माझ्या कार्यालयाला लावून पाहिले, तेव्हा पहिल्याचे उत्तर बरे आले. माझे वरिष्ठ भले गृहस्थ होते आणि त्यांनी अर्जावर लगेच सही केली. तिसऱ्याचे उत्तर वाईट होते, कारण रात्री नऊला आलेल्या मेलला जो रात्रीच उत्तर देई त्याचे दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत कौतुक होई. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अप्रेझलच्या कागदावर मिळाले. कामाच्या दर्जाविषयी सगळे चांगले लिहून शेवटी "उपलब्धता वाढवण्यास वाव आहे" असे एक वाक्य होते. ते वाक्य दोन वर्षे जसेच्या तसे राहिले आणि ती दोन्ही वर्षे माझी बढती पुढे ढकलली गेली.

कायदाही इथे येऊन थांबतो. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली जी सुधारणा झाली, तिने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले. रजा संपल्यानंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर घरून काम करता येईल, असेही त्याच सुधारणेत आहे. पण त्याचा कालावधी आणि अटी मालक आणि ती स्त्री यांनी परस्परांत ठरवायच्या आहेत. म्हणजे नुकतीच बाळंतपणाहून परतलेली, आपली जागा शिल्लक आहे की नाही याची धास्ती मनात असलेली स्त्री समोरच्या खुर्चीतल्या माणसाशी वाटाघाट करणार. त्या खोलीत काय घडेल ते ज्या त्या ठिकाणचे वातावरणच ठरवते.

इतरांचे अनुभव वाचायला आवडेल. विशेषतः ज्यांच्याकडे अशा अर्जांवर सही करण्याचे अधिकार आहेत किंवा होते, त्यांनी अवश्य लिहावे.

जुने_टेबल

अबोलीताई, सही करणाऱ्यांपैकी मी एक होतो, म्हणून लिहितो. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून मी निवृत्त झालो. सहाव्या वेतन आयोगानंतर १ सप्टेंबर २००८ पासून महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा लागू झाली. इतकी उदार सोय खाजगी क्षेत्रात तेव्हा कोणी ऐकलीही नसेल. (पुढे सातव्या आयोगानंतर पहिले ३६५ दिवस पूर्ण वेतन आणि उरलेले ३६५ दिवस ८० टक्के वेतन असे झाले, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही ती मिळू लागली.)

मात्र ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, पूर्वमंजुरी लागते. आमच्यासारख्या अधिकाऱ्यांची सारी मनोवृत्ती त्या पूर्वमंजुरीत उतरे. माझ्या शाखेतल्या एका बाईंनी मुलाच्या दहावीसाठी दोन महिन्यांची रजा मागितली होती. मी टिपणी लिहिली, "शाखेतील कामाची निकड पाहता पंधरा दिवसांची रजा मंजूर करण्यास हरकत नसावी." ही टिपणी लिहिताना मला काही चुकीचे करतो आहोत असे वाटले नव्हते, कारण माझ्या वरिष्ठांनी माझ्यासमोर तशाच टिपण्या लिहिल्या होत्या आणि मी त्यांच्याकडूनच लिहायला शिकलो होतो. त्या बाई पंधरा दिवसांनी हजर झाल्या, सेवा संपेपर्यंत त्यांनी पुन्हा ही रजा मागितली नाही, आणि त्या शाखेतल्या धाकट्या दोघींनीही मागितली नाही. एका टिपणीने तीन जणींचे अर्ज थांबवले, हे मला निवृत्तीनंतर उमगले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या बाईंच्या टेबलाचे काम त्या पंधरा दिवसांत मी इतर दोघांना वाटून दिले. जागा रिकामी राहिली की कार्यभार वाढतो, आणि तो वाढल्याचा राग कार्यभार वाटणाऱ्या माझ्यासारख्यावर निघत नाही, रजेवर गेलेल्या बाईंवर निघतो. "यांना काय, मूल आहे" हे वाक्य मी त्या काळात अनेकदा ऐकले आणि ऐकून गप्प राहिलो. संस्कृती म्हणतात ती पुष्कळदा पुरेशी माणसे न देण्यातून तयार होते, असे माझे मत झाले आहे.

याच्या उलट उदाहरणही देतो. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि बहुतेक कार्यालयांची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी वाढवली. माझा पुतण्या राज्याच्या सेवेत आहे. शनिवारी घरी बसल्याचा संकोच त्याला किंवा त्याच्या साहेबांना कधी वाटला नाही, कारण तो शनिवार सर्वांचाच आहे. सोय ज्याला अर्ज करून मागावी लागते, त्याच्याच कपाळी शिक्का बसतो.

नदीकाठ

मी हिंजवडीत बावीस जणांची टीम सांभाळतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. आमचा ग्राहक अमेरिकेत आहे आणि त्याच्याशी बोलण्याची वेळ रात्री साडेआठची आहे. चारला निघणारी व्यक्ती साडेआठला पुन्हा लॅपटॉप उघडेल का, हे मी विचारले तर मी निर्दय ठरतो, आणि नाही विचारले तर तो कॉल रोज त्याच तिघांच्या वाट्याला येतो. ते तिघेही कोणाचे आईवडील किंवा कोणाची मुले आहेतच. लवचीकतेचा हिशेब एका माणसापुरता मांडला की तो नेहमी चुकतो.

"उपलब्धता वाढवण्यास वाव आहे" हे वाक्य कसे लिहिले जाते तेही सांगतो. वर्षअखेरीस सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात आणि सर्वांची रेटिंग एकमेकांशी ताडून पाहिली जातात. वरचे रेटिंग मोजक्याच जणांना द्यायचे असते. मी माझ्या टीममधल्या कोणाचे नाव घेतले की बाकीचे मॅनेजर विचारतात, "ही कोण? मी हिला कधी पाहिले नाही." जिला इतरांनी पाहिलेले नाही तिच्यासाठी भांडणे अवघड जाते. मग आपण कमी भांडतो, आणि त्या कमी भांडण्याला कागदावर कारण द्यावे लागते म्हणून हे वाक्य येते.

हा केवळ आमच्याकडचा दोष नाही. शांघायच्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा प्रयोग झाला. निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी २४९ कर्मचाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना, जन्मतारीख सम की विषम यावरून निवडून, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, आणि तरीही त्यांच्या कामाच्या मानाने त्यांना बढती कमी मिळाली. त्याच कंपनीत पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, ज्यात बुधवार आणि शुक्रवार हे दोनच दिवस घरून काम होते. त्या वेळी बढतीत फरक दिसला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. मला त्यातला सर्वांत बोलका भाग मॅनेजरांचा वाटतो. प्रयोगापूर्वी त्यांना वाटत होते की कामाची गती २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोग संपल्यावर तेच म्हणू लागले की ती एक टक्का वाढते. मॅनेजर वाईट नसतात, पण त्यांनी ते घडताना पाहिलेले नसते.

कवडसा

सर्वांचा आदर राखून म्हणते, की गैरवापरही होतो. आमच्याकडे घरून काम करण्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन न उचलणारे दोघे आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांवर संशय घेतला जातो.

अबोली_पुणे

कवडसा, होतो, हे मान्य. पण कार्यालयात बसून बारापर्यंत काम न करणारेही आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे कार्यालयात येणेच बंद करावे असे कोणी म्हणत नाही. त्या दोघांशी त्यांच्या कामाविषयी बोलणे हे त्यांच्या वरिष्ठांचे काम आहे, आणि ते टाळता यावे म्हणून सर्वांची सोय काढून घेतली जाते. अविश्वास सर्वांवर दाखवणे सोपे असते, एकाला समोर बसवून विचारणे कठीण असते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. ही सगळी चर्चा टेबलाशी बसून काम करणाऱ्यांची आहे, म्हणून थोडे आमच्याविषयी लिहिते. रुग्णाला घरून सलाईन लावता येत नाही. आमची लवचीकता म्हणजे ड्यूटी बदलून घेणे, बाकी काही नाही.

दर महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट इनचार्ज सिस्टरांच्या खोलीबाहेर लागतो. मी दोन इनचार्ज सिस्टरांच्या हाताखाली काम केले आहे. पहिल्या सिस्टरांचा चार्ट शाईत असे. बदल हवा असेल तर लेखी अर्ज, त्यावर बदली देणाऱ्या मैत्रिणीची सही, आणि तरीही "मागच्या महिन्यात पण तुमचंच होतं ना?" हा प्रश्न सगळ्यांसमोर. त्या वॉर्डात आम्ही ड्यूटी बदलत नसू, थेट आजारी असल्याचे कळवत असू. सकाळी सहाला फोन करायचा आणि ताप आहे म्हणायचे. त्याने वॉर्डाचे हाल होत आणि रात्रीच्या सिस्टरला आणखी सहा तास थांबावे लागे. हे चूक होते हे मला तेव्हाही कळत होते.

दुसऱ्या सिस्टर चार्ट आधी पेन्सिलीने लिहीत आणि तीन दिवस तसाच ठेवत. शेजारी दोरीला पेन्सिल बांधलेली असे. आपापसांत बोलून ज्याने त्याने खोडून बदल करायचा, अट एकच, की नाईटला दोन अनुभवी सिस्टर हव्यातच. तीन दिवसांनी त्या स्वतः शाईने पक्का करत. त्या स्वतःच्या भाचीच्या लग्नासाठीही त्याच पेन्सिलीने आमच्यासमोर ड्यूटी बदलून घेत. दोन्ही वॉर्डांत माणसे तितकीच होती, नियम एकाच रुग्णालयाचे होते. दुसऱ्या वॉर्डात आजारपणाचे फोन जवळजवळ थांबले.

उत्तरायण

मी गेली अकरा वर्षे ऑस्लोत राहतो. "रात्रपाळी" यांच्या दोरीला बांधलेल्या पेन्सिलीचा प्रसंग वाचला आणि इथले एक संशोधन आठवले, ते या धाग्याच्या अगदी गाभ्याशी आहे.

नॉर्वेत वडिलांना बाळासाठी रजा घेता येत होती, पण ती फार थोडे घेत. १९९३ साली सरकारने चार आठवडे केवळ वडिलांसाठी राखून ठेवले. वडिलांनी घेतले नाहीत तर ते आठवडे वाया जात, आईला देता येत नसत. त्यानंतर रजा घेणारे वडील झपाट्याने वाढले, आणि हा नियम एका ठराविक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या वडिलांनाच लागू झाल्यामुळे अभ्यासकांना एक गोष्ट मोजता आली. गॉर्डन डाल, कातरीने लोकेन आणि माग्ने मोग्स्टाड यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की सोबत काम करणाऱ्या एकाने ही रजा घेतली असेल तर पुढे बाप होणाऱ्या सहकाऱ्याने ती घेण्याची शक्यता ११ टक्केबिंदूंनी वाढते. भावांच्या बाबतीत ती १५ टक्केबिंदूंनी वाढते. आणि रजा घेणारा वरिष्ठ पदावरचा असेल तर त्याचा परिणाम साध्या सहकाऱ्याच्या अडीच पटीहून जास्त असतो. त्यांच्या मते याचे कारण बहुधा असे, की मालक कसा वागेल हे इतरांना पहिल्या माणसावरून कळते. पहिल्याचे काही बिघडले नाही हे दुसरा पाहतो, दुसऱ्याचे तिसरा पाहतो, आणि साखळी वाढत जाते.

"जुने_टेबल" यांनी एका टिपणीने तीन अर्ज थांबल्याचे लिहिले आहे. ती हीच साखळी आहे, उलट्या दिशेने चाललेली.

आज वडिलांसाठी पूर्ण वेतनावर १५ आठवडे राखीव आहेत आणि या रजेला सगळे "पप्पापर्म" म्हणतात. माझ्या मुलाच्या वेळी मी अर्ज करायला बिचकत होतो. मनात पुण्यातले जुने कार्यालय होते. माझ्या वरिष्ठांनी विचारले, "कधीपासून जाणार?" जाणार का, असे त्यांनी विचारलेच नाही.

अबोली_पुणे

उत्तरायण, "कधीपासून" आणि "का" यांतला फरक मी पुष्कळ वेळ मनात घोळवत होते.

जपानचे उदाहरण याला जोडून पाहावेसे वाटते. तिथे वडिलांना मूल एक वर्षाचे होईपर्यंत रजा घेण्याचा कायदेशीर हक्क पूर्वीपासून होता. तरी २०१२ साली ती घेणाऱ्या वडिलांचे प्रमाण १.८९ टक्के होते. बापाने रजा मागितली म्हणून होणाऱ्या छळाला तिथल्या भाषेत "पाताहारा" असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला. एप्रिल २०२२ पासून, मूल होणार असल्याचे ज्याने कळवले त्या प्रत्येकाला रजेची माहिती देऊन तो ती घेणार का हे विचारणे मालकावर बंधनकारक झाले, आणि २०२३ पासून एक हजाराहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना प्रमाण जाहीर करावे लागू लागले. २०२३ मध्ये ते ३०.१ टक्क्यांवर गेले. मागण्याचा भार कर्मचाऱ्यावरून काढून विचारण्याचा भार मालकावर टाकला, याचे मला फार महत्त्व वाटते.

आणखी एक. लवचीक वेळ ही आयांसाठीची सवलत आहे हा समज कसा रुजला, कोण जाणे. तिची सुरुवात १९६७ साली म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथे एका विमाननिर्मिती कंपनीत झाली, ती रस्त्यावरची कोंडी टाळण्यासाठी. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या कार्यालयांना वेळा मागेपुढे करण्याची विनंती केली तीही गर्दीसाठीच. साडेआठच्या कर्जत लोकलला लटकणाऱ्या पुरुषाला या सोयीची गरज माझ्याइतकीच आहे, पण ती मागितली तर आपण ढिले समजले जाऊ असे त्याला वाटते.

अमेरिकेतल्या एका सल्लागार कंपनीत एरिन रीड यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पुरुष कोणालाही न विचारता जवळपासचे ग्राहक घेऊन आपले तास आटोक्यात ठेवत, आणि वरिष्ठ त्यांना झोकून देऊन काम करणारेच समजत. ज्यांनी तीच सवड रीतसर मागितली, त्यांचे मूल्यमापन मात्र खाली आले. माझी डिकीतली पिशवी त्या पहिल्या गटातली होती.

नदीकाठ, तुमच्या बावीस जणांच्या हिशेबाशी मी सहमत आहे. मला एवढेच विचारायचे आहे, की तुम्ही स्वतः कधी लवकर निघता का, आणि निघालात तर टीमला काय सांगता?

नदीकाठ

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

माझ्या वडिलांचे मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असते. गेले चौदा महिने त्या दोन दिवशी मी साडेतीनला निघतो. टीमला दिसणाऱ्या कॅलेंडरमध्ये त्या वेळेवर "बाहेरील बैठक" असे लिहिलेले आहे. माझ्या वरिष्ठांना खरे कारण माहीत आहे, टीममध्ये कोणालाही नाही. वैयक्तिक गोष्ट सांगायची नाही म्हणून मी तसे लिहिले, अशी माझी समजूत होती. आता वाटते, की मॅनेजर घरच्या कामासाठी निघतो हे दिसू नये, एवढेच मला हवे होते.

आज सकाळी ती नोंद बदलून "वडिलांसोबत रुग्णालयात, साडेआठच्या कॉलला हजर" अशी केली. त्याविषयी कोणाशी काही बोललो नाही. दुपारी टीममधला एक मुलगा आला आणि आईच्या फिजिओथेरपीसाठी बुधवारी दीड तास लवकर निघता येईल का, असे त्याने विचारले. तो चार महिन्यांपासून तिला रिक्षाने एकटीलाच पाठवत होता. मी हो म्हटले. बुधवारी त्याच्या वाट्याची चाचणी कोण पाहील हे अजून ठरलेले नाही, आणि जुने_टेबल काकांनी सांगितल्याप्रमाणे ती न विचारता दुसऱ्या कोणाच्या टेबलावर सरकवायची नाही, म्हणून उद्या सकाळी सगळ्यांना सोबत बसवून ठरवतो आहोत.